ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे, तरी गाडी बर्फात रुतली: बफेलोकडच्या पहिल्या हिवाळ्यासाठी

ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला आलेलं कुटुंब सप्टेंबरपर्यंत गाडी घेतं. ऑफिसातले, मंडळातले, शेजारचे, सगळे एकच सांगतात, "ऑल-व्हील-ड्राइव्हच घ्या, इथं बर्फ फार." मग चारही चाकांना ताकद देणारी सीआर-व्ही, राव-फोर, फॉरेस्टर अशी एखादी गाडी दारात येते आणि हिवाळ्याची तयारी झाली असं वाटतं. आम्हालाही वाटलं होतं. पहिल्याच जानेवारीत ऑर्चर्ड पार्क या उपनगराच्या पुढं, प्लाऊ (बर्फ ढकलून रस्ता साफ करणारी गाडी) न फिरलेल्या एका आडरस्त्यावर मी गाडी वळवली. तीसेक फूट गाडी सहज आत गेली. मग चाकं फिरत राहिली आणि गाडी जागची हलेना. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबतच होते. चाकं फिरतायत म्हणजे गाडी कधीतरी निघेल, एवढंच डोक्यात होतं. समोरच्या घरातून एक आजोबा फावडं घेऊन आले, काचेवर टकटक केली आणि म्हणाले, "आधी पाय उचल. मग खाली उतर आणि गाडीच्या पोटाखाली बघ."

पोटाखाली बर्फ गच्च दाबून बसला होता. गाडीचा बराचसा भार त्या बर्फावर होता, चाकांवर उरलाच नव्हता. ज्या चाकावर वजन नाही त्याला ताकद देऊन उपयोग काय? त्या संध्याकाळी जे कळलं ते तुम्हाला पहिल्या बर्फाच्या आधी कळावं म्हणून हे लिहिते आहे.

गाडी काय करू शकते

बहुतेक क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे या अशा उंच गाड्यांमध्ये, एरवी पुढचीच चाकं गाडी ओढतात. ती घसरायला लागली, किंवा घसरतील असं गाडीच्या कॉम्प्युटरला वाटलं, की मधला एक क्लच मागच्या चाकांना जोडून घेतो. सुबारूमध्ये चारही चाकांना कायम ताकद जाते. राव-फोर हायब्रिडची तऱ्हा निराळी: मागच्या चाकांना स्वतंत्र इलेक्ट्रिक मोटर असते, पुढून मागं जाणारा दांडाच नसतो. तुमच्या गाडीत यातलं काय आहे ते मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा, कारण तो क्लच किंवा ती मोटर खोल बर्फात पाच-दहा मिनिटं चाकं फिरवत राहिलात तर तापते. मग डॅशबोर्डवर सूचना येते आणि गाडी स्वतःला वाचवण्यासाठी मागची चाकं सोडून देते. ऐन गरजेच्या वेळी ऑल-व्हील-ड्राइव्ह गेलेली असते. असं झालं तर चाकं फिरवणं थांबवा आणि सूचना जाईपर्यंत वाट पाहा.

चारही चाकांना ताकद मिळाल्यामुळं गाडी जागेवरून निघते, चढ चढते. ब्रेक लावताना मात्र तिचा काहीच उपयोग नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीला चार चाकांवरच असतात. घसरड्या सिग्नलवरून तुम्ही शेजारच्या सेडानच्या आधी निघाल, पण पुढच्या सिग्नलला तिच्याइतकेच घसराल. आणि वेग जास्त असेल तर तिच्याहून लांब. नवीन माणसाची फसगत इथंच होते. गाडी सहज पळते म्हणून रस्ता चांगला आहे असं वाटतं. रस्ता कसा आहे हे पळताना कळत नाही, थांबताना कळतं. म्हणून घरातून निघाल्यावर पहिल्या मोकळ्या जागी, मागं कोणी नाही हे पाहून, वीस मैलांच्या वेगात एकदा ब्रेक दाबून पाहा. पायाखाली पेडल थरथरेल, कुरकुर आवाज येईल. तो एबीएस आहे, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा; घाबरून पाय उचलू नका, दाबून धरा. गाडी थांबायला किती अंतर घेते ते पाहून त्या दिवसाचा वेग ठरवा.

दुसरी मर्यादा उंचीची. या गाड्यांचं पोट जमिनीपासून साधारण ८ इंचांवर असतं, सुबारूच्या फॉरेस्टर-आउटबॅकचं ८.७ इंचांवर. बर्फ त्याहून खोल झाला की गाडी त्यावरून चालत नाही, नांगरासारखी बर्फ ढकलत जाते आणि ढकललेला बर्फ तिच्याच पोटाखाली दाबला जातो. माझा स्वतःचा नियम असा: ६ इंचांपर्यंत सावकाश जायचं, ८ इंच दिसले की प्लाऊ येईपर्यंत घरात बसायचं. पण नुसती खोली पुरेशी नाही. कडाक्याच्या थंडीत पडलेला भुसभुशीत बर्फ पिठासारखा असतो, आठ-नऊ इंचांतूनही गाडी निघून जाते. तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास असताना पडलेला ओला बर्फ ६ इंचांतच अडकवतो. फावड्यावर घेतलेला बर्फ फुंकरीनं उडतो की ढेकळासारखा पडतो, हे दारातच कळतं.

सर्वांत वाईट असतो तो प्लाऊनं केलेला बांध. रस्ता साफ करणारी गाडी तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाची रांग टाकून जाते. दिसायला ती फूटभर उंच असते, पण रस्त्यावरचा दाबलेला, मिठानं अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला बर्फ त्यात असतो. "एवढ्याशा बांधावरून जाईल की" असं म्हणून वेगात गाडी घालणारे दर हिवाळ्यात दिसतात. पुढची चाकं पलीकडं, मागची अलीकडं आणि पोट बांधावर. बंपरखालचं प्लास्टिक तुटतं ते वेगळंच. हा बांध आधी फावड्यानं फोडायचा आणि तो गोठायच्या आत, म्हणजे प्लाऊ गेल्यावर लगेच.

टायर

माझ्या हातात असतं तर मी नव्या माणसाला ऑल-व्हील-ड्राइव्हच्या आधी टायर घ्यायला लावले असते. गाडीबरोबर येतात ते ऑल-सीझन टायर. त्यांचं रबर थंडीत कडक होतं. हिवाळी टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात, त्या बर्फ धरतात. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ४५ फॅरनहाइटच्या खाली तापमान राहायला लागलं की हिवाळी टायर लावण्याची वेळ झाली असं इथं मानतात. आमच्याकडं ते थँक्सगिव्हिंगच्या आधीच करावं लागतं, कारण बफेलोचे मोठे बर्फ नोव्हेंबरातही येतात.

टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. ती खूण म्हणजे टायर बर्फात तपासलेला आहे. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असणं म्हणजे तसं नव्हे. ते ऑल-सीझन टायरवरही असतं. टायर दोनदा बदलायची कटकट नको असेल तर 'ऑल-वेदर' नावाचे टायर मिळतात, त्यांवर हिमकणाची खूण असते आणि ते वर्षभर चालतात. नाव ऑल-सीझनसारखंच वाटतं, म्हणून दुकानात खूण बोटानं दाखवून विचारा. लावायचे ते चारही. दोनच लावले तर गाडीचं एक टोक धरतं आणि दुसरं घसरतं. शिवाय ऑल-व्हील-ड्राइव्हच्या यंत्रणेला चारही टायर सारख्या झिजेचे लागतात.

झीज पाहायला पाव डॉलरचं नाणं पुरतं. वॉशिंग्टनचं डोकं खाली करून नाणं टायरच्या खाचेत घाला. डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसत असेल तर खाच एक अष्टमांश इंचाहून कमी उरली आहे, आणि असा टायर बर्फाला घेऊन जायचा नाही. कायद्यानं त्याच्या निम्म्या खाचेपर्यंत चालतं, पण तो कायदा बर्फाकडं पाहून केलेला नाही. कोलोरॅडोत डेन्व्हरहून डोंगरात जाणाऱ्या आय-७० वर ऑल-व्हील-ड्राइव्ह असूनही ३/१६ इंच खाच लागते. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचेच आहेत. न्यूयॉर्कमध्ये अशी सक्ती नाही, म्हणून ठरवायचं आपल्यालाच.

हवाही पाहत राहा. तापमान १० अंश फॅरनहाइटनं उतरलं की टायरची हवा साधारण १ पीएसआय कमी होते. ऑक्टोबरात बरोबर भरलेला टायर जानेवारीत बराच बसलेला असतो.

सरोवराचा बर्फ

इथला बर्फ समजायला ईरी सरोवर समजावं लागतं. थंड वारा त्याच्या तुलनेनं उबदार पाण्यावरून येतो, वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फ करून टाकतो. वारा सरोवराच्या लांबीला धरून, नैर्ऋत्य-पश्चिमेकडून आला की तो पट्टा थेट बफेलो किंवा दक्षिणेच्या उपनगरांवर येतो. पट्टा अरुंद असतो. घरी ऊन असतं आणि दहा मैलांवर हॅम्बर्गला समोरची गाडी दिसत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कला एका वादळात सुमारे ८० इंच, म्हणजे साडेसहा फुटांहून जास्त बर्फ पडला. शहराच्या उत्तर भागात त्याच्या कितीतरी कमी होता. म्हणून "आमच्याकडं काहीच नाही" हे ऐकून निघू नका. रडारचा नकाशा पाहा, पट्टा कुठं आहे आणि तुमचा रस्ता त्याला कुठं छेदतो ते बघा. ईरी उथळ आहे, भर हिवाळ्यात ते बऱ्याच वर्षी गोठतं आणि मग हा त्रास कमी होतो. सिराक्यूजकडचं ऑन्टॅरिओ सरोवर खोल आहे, ते सहसा पूर्ण गोठत नाही, तिथं हंगाम लांबतो.

आणि एक गोष्ट जड मनानं लिहिते. डिसेंबर २०२२ च्या नाताळच्या हिमवादळात या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. काही जण अडकलेल्या गाड्यांमध्ये सापडले. रुग्णवाहिका, अग्निशमन दलाच्या गाड्या, प्लाऊ, सगळे स्वतःच अडकले होते. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये थ्रूवेवर, म्हणजे राज्याच्या मोठ्या हायवेवर, लोक चोवीस तासांहून जास्त गाड्यांत बसून होते. काउंटीनं प्रवासबंदी जाहीर केली की ती सगळ्यांना लागू असते, ऑल-व्हील-ड्राइव्हवाल्यांनाही. ऑफिसातून काय म्हणतील, या काळजीनं निघू नका. बंदी होती एवढं सांगणं पुरतं, इथं ते सगळे समजून घेतात.

डिकीत काय असावं

आपली सवय अशी की घरातून गॅरेज, गॅरेजमधून गाडी, गाडीतून ऑफिस. पायात साधे बूट, अंगात पातळ जॅकेट. अडकलात तर याच कपड्यांत बर्फात उभं राहून खणायचं आहे. म्हणून जाड बूट, पाण्यानं न भिजणारे हातमोजे दोन जोड आणि टोपी गाडीतच ठेवा. एक लहान पण मजबूत फावडं. प्लास्टिकचं नको, गोठलेल्या बर्फात ते मोडतं. वाळूची किंवा मांजराच्या मातीची पिशवी; माती गोळा न होणारी घ्या, गोळा होणारी ओली झाली की चिखल करते. नारिंगी-काळ्या प्लास्टिकच्या खाचांच्या फळ्या मिळतात, चाकाखाली घालायला, त्या घेतल्यात तर उत्तमच. टो स्ट्रॅप, टॉर्च, फोनची पॉवर बँक, बॅटरीला जंप देणारं यंत्र. काच धुण्याचं पाणी हिवाळी, उणे २० फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं.

घरून आणलेली गोधडी माळ्यावर ठेवली असेल तर ती डिकीत टाका, पातळ फ्लीसपेक्षा ती कितीतरी जास्त ऊब धरते. खाण्यात खजूर, शेंगदाण्याची चिक्की, चिवडा. पाणी गाडीत गोठतं, ते निघताना घरातून घ्या. आणि डिसेंबर ते मार्च टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

खोल बर्फातून चालवताना

निघण्यापूर्वी छपरावरचा बर्फ काढा, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो पुढच्या काचेवर येतो. दिव्यांवरचा आणि पुढच्या रडार सेन्सरवरचाही काढा. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ आणि साधा क्रूझ (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय), दोन्ही बंद. गाडीत स्नो मोड किंवा एक्स-मोड असेल तर चालू.

मग एकच गोष्ट सांभाळायची: गती एकसारखी. खोल बर्फात थांबलेली गाडी पुन्हा हलवणं अवघड, चालती ठेवणं सोपं. चढ आला तर पायथ्याशी थांबून समोरची गाडी वर पोहोचेपर्यंत वाट पाहा, मग एका दमात, पण न झपाटता चढा. चढाच्या मध्ये चाक फिरायला लागलं तर आणखी गॅस देऊ नका (इथं पेट्रोलला गॅस म्हणतात, आणि अ‍ॅक्सिलरेटरलाही), थोडा कमी करा. चाक पुन्हा धरेल. नाहीच धरलं तर मागं कोणी नाही हे पाहून सरळ रिव्हर्समध्ये खाली या. स्टिअरिंग, ब्रेक, गॅस यांपैकी एका वेळी एकच, आणि तेही हळू. समोरच्या गाडीपासून निदान सहा सेकंदांचं अंतर. आधीच्या गाडीच्या चाकोऱ्या असतील तर त्यांतूनच जा. मात्र पुढची गाडी उंच पिकअप असेल तर चाकोरीमधला उंचवटा तुमच्या पोटाला लागेल, तेवढं पाहा.

प्लाऊला कधीही मागं टाकू नका. त्याच्या पुढचा रस्ता हा तो न फिरलेला रस्ता आहे.

रस्त्याची कड सोडून चाला. गावाकडच्या रस्त्यांना दोन्ही बाजूंना चर असतात आणि बर्फानं ते रस्त्याच्या पातळीला भरून येतात. समोरच्याला वाट द्यायला म्हणून बाजूला घेतलं आणि उजवी चाकं चरात गेली, हे फार होतं. थोडं थांबून त्याला जाऊ द्या.

रुतल्यावर

गाडी पुढं जात नाही आणि चाक फिरतंय, हे जाणवल्याक्षणी पाय उचला. दोन सेकंद जास्त दिलेला गॅस पुढचा अर्धा तास वाढवतो. फिरणारं टायर खालचा बर्फ गरम करतं, पाण्याचा पातळ थर होतो, तो लगेच गोठतो. चिखलात चाक नुसता खड्डा करतं, बर्फात त्या खड्ड्याला आरशासारखा गुळगुळीत तळ येतो.

पार्कमध्ये घाला, हँडब्रेक लावा, चारही इंडिकेटर चालू करा. वाहत्या हायवेवर असाल आणि मागून गाड्या येत असतील तर खाली उतरू नका, पट्टा बांधून बसून ९११ ला फोन करा. आडरस्त्यावर, पार्किंगमध्ये, ड्राइव्हवेत असाल तरच पुढचं.

उतरल्यावर सगळ्यात आधी मागं जा आणि सायलेन्सरची नळी मोकळी करा, तिच्याभोवती दोन-तीन फूट खणून. नळी बर्फात बुजली असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस जातो. हायब्रिडवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं: गाडी 'रेडी'त असेल तर इंजिन आपोआप सुरू होतं, शांत आहे म्हणजे बंद आहे असं नाही.

मग पाहा की अडलंय कुठं. दोन तऱ्हा असतात. पोट मोकळं असेल आणि नुसती चाकं खड्ड्यात असतील तर काम दहा मिनिटांचं आहे. पोट टेकलं असेल तर खणण्याशिवाय मार्ग नाही, आणि बरेच जण चाकांभोवतीच खणून दमतात. आडवं होऊन, फावड्याच्या दांड्यानं का होईना, दोन्ही बाजूंनी पोटाखालचा बर्फ ओढून काढा. गाडी चाकांवर जराशी बसली की आवाजानंच कळतं. त्यानंतर चाकांसमोर आणि मागं, निदान एका चाकाच्या लांबीएवढी वाट, उतरत्या धारेची. पायरी ठेवू नका. खड्ड्याच्या तळाचा गुळगुळीत बर्फ फावड्याच्या टोकानं खरवडून खडबडीत करा.

बाहेर पडायचं ते आलात त्याच दिशेनं. मागच्या चाकोऱ्या तुम्हीच दाबून ठेवल्या आहेत, पुढं काय आहे माहीत नाही. स्टिअरिंग सरळ करा. वळलेली चाकं बर्फाच्या भिंतीला टेकून अडतात.

कोकणात पावसाळ्यात एसटी रुतली की चाकाखाली जांभ्याचे तुकडे, झावळ्या, गोणपाट टाकायचे, हे लहानपणी पाहिलं होतं. इथंही तेच करायचं, फक्त झावळीच्या जागी मांजराची माती. खूप टाका, आणि चाकाच्या अगदी खाली जाईल असं टाका, वरून भुरभुरून नाही. गाडीतले रबरी पायपुसणेही चालतात, खडबडीत बाजू वर करून, पण चाक त्यांना बंदुकीसारखं मागं फेकतं. चाकांच्या रेषेत पुढं-मागं कोणीही उभं राहायचं नाही, मुलं तर नाहीच.

आता बसा आणि अगदी हलका गॅस देऊन रिव्हर्समध्ये पाहा. पहिल्यांदा ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवूनच. ताकद जिथं अडथळा कमी तिकडं, म्हणजे हवेत फिरणाऱ्या चाकाकडं जाते; ट्रॅक्शन कंट्रोल त्या चाकाला ब्रेक लावून ती दुसऱ्या चाकाकडं वळवतं. पण ते इंजिनाची ताकदही कापतं, आणि खोल बर्फात कधीकधी गाडी नुसती गुरगुरते, हलत नाही. तसं झालं तर बटण दाबून बंद करा. काही गाड्यांत ते काही सेकंद दाबून धरावं लागतं. बाहेर पडल्यावर पुन्हा चालू करायला विसरू नका.

तरीही नाही, तर झोके द्या. थोडं पुढं, चाक घसरायच्या आत ब्रेक, पूर्ण थांबून रिव्हर्स, थोडं मागं, पुन्हा ब्रेक. दरवेळी चार-सहा इंच जास्त. चाकं फिरत असताना गिअर बदलायचा नाही, गिअरबॉक्स तुटतो. स्पीडोमीटर गाडीचा नव्हे, चाकाचा वेग दाखवतो. तो ३५ मैलांवर जाऊ देऊ नका, टायर फुटू शकतं. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा, ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर असे चार-पाच प्रयत्न करून थांबा, उतरा, पुन्हा खणा. पाच मिनिटं खणून एक प्रयत्न, हे प्रमाण माझ्या अनुभवात कायम लागू पडलं आहे.

टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली तर टायर पसरतं आणि जास्त धरतं. पण हा शेवटचा उपाय, आणि हवा भरायचा पंप गाडीत असेल तरच.

दुसरी गाडी ओढायला आली तर

इथले लोक मदतीला थांबतात, पिकअपवाला तर हमखास. तुमची जबाबदारी एवढी की दोरी कुठं बांधायची हे तुम्हाला ठाऊक असावं. डिकीच्या तळाशी, स्पेअर चाकाजवळ, एक जाड लोखंडी कडी असते. बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण काढून ती आत फिरवून बसवायची. काही गाड्यांत आटे उलटे असतात, घट्ट होत नाही म्हणून अर्धवट सोडू नका. हे घरी, उन्हात, एकदा करून पाहा. सस्पेन्शनच्या दांड्याला दोरी बांधू देऊ नका. पिकअपच्या मागच्या ट्रेलरच्या गोळ्यालाही नको; तो गोळा तुटून काच फोडून आत आल्यानं माणसं मेली आहेत. साखळीनं झटका द्यायचा नाही. दोरी ताणली जात असताना सगळ्यांनी तिच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर उभं राहायचं.

चरात गेली असेल, तिरपी झाली असेल, तर हा खटाटोप करूच नका, विंच (तारेनं ओढणारं यंत्र) असलेला टो ट्रक बोलवा. फोनवर ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे हे आधी सांगा आणि फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागा. पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर घासत नेली तर ती यंत्रणा मोडते. विम्यात किंवा रोडसाइडच्या सभासदत्वात विंचनं ओढण्याचा खर्च धरला आहे का, ते आजच विचारून ठेवा.

सुटका होत नसेल तर

वादळात गाडी सोडून चालत जाऊ नका. मदतीचं घर समोर स्पष्ट दिसत असेल तरच जा. पांढऱ्या वादळात पन्नास पावलांवरची गाडी सापडत नाही. ९११ ला ठिकाण सांगताना हायवेचा मैलाचा फलक किंवा फोनच्या नकाशावरचे आकडे द्या. काहीतरी भडक रंगाचं, ओढणी चालेल, आरशाला किंवा अँटेनाला बांधा.

इंजिन तासाला दहा मिनिटं चालवा, दरवेळी आधी नळी मोकळी करून. ज्या बाजूला वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी. खणून घाम आला असेल तर आतला ओला कपडा बदला, घाम थंडीत गोठवतो. मुलांना मधे घेऊन सगळे एका गोधडीखाली. डोकं दुखायला, मळमळायला लागलं तर इंजिन बंद करा, दारं उघडा, बाहेर या, थंडी कितीही असो.

बाहेर पडल्यावर

गाडी हायवेला लागली आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं तर घाबरू नका. चाकांच्या आत, रिमला, बर्फाचे गोळे चिकटलेले असतात आणि तोल बिघडवतात. सुरक्षित जागी थांबून ब्रशच्या दांड्यानं ते ठोकून काढा. खाली वाकून प्लास्टिकचं आवरण लोंबत नाही ना, ते पाहा. टायरची हवा सोडली असेल तर आधी ती भरा. ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा गेला का ते बघा. घरी पोचल्यावर ओले हातमोजे हीटरपाशी वाळत घाला, मांजराची माती संपली असेल तर नवी पिशवी आणा, आणि फावडं गॅरेजच्या भिंतीला टेकवून न ठेवता परत डिकीत टाका.